बिल्डला इतका वेळ का लागतो? (आमच्या ग्राहकांसाठी)

तुमच्याकडे आलो की आम्ही आधी एकच गोष्ट करून बघतो. बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवण्याचं काम, पूर्ण होऊ देतो आणि कशालाही हात न लावता लगेच पुन्हा चालवतो. या दुसऱ्या वेळी एकही फाइल कंपाइल (मशिनच्या भाषेत रूपांतरित) व्हायला नको. होत असेल, तर नवं मशिन घेण्याची घाई करू नका.

सी आणि सी++च्या बऱ्याच प्रकल्पांत आजही मेक हे बिल्डचं साधन चालतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. मेक फाइलवरची वेळ बघतं, आतला मजकूर नाही. त्यामुळे गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) दुसऱ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) जाऊन परत आलात, की दोन्हीकडे वेगळ्या असलेल्या फाइली पुन्हा कंपाइल होतात, मजकूर पहिल्यासारखाच असला तरी. दर बिल्डला तारीख-वेळ घालून नव्याने लिहिलेली व्हर्जनची हेडर फाइलही (इतर फाइलींत जोडायची सामाईक फाइल) आम्हाला हमखास सापडते. ती सगळीकडे इन्क्लूड केलेली (जोडलेली) असते, त्यामुळे दरवेळी सगळंच पुन्हा कंपाइल होतं. एकाच छोट्या फाइलपुरती ठेवा, तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

उलटी चूक जास्त घातक. हेडर बदललं, पण मेकफाइलमध्ये (मेकच्या सूचनांच्या फाइलमध्ये) त्याची नोंदच नाही. मग जुनं-नवं एकत्र लिंक होतं आणि प्रोग्राम भलतीकडेच कोसळतो. एकदा असा चटका बसला की टीम दरवेळी आधी सगळं पुसून बिल्ड करू लागते, आणि ती सवय वर्षानुवर्षं टिकते. जीसीसी आणि क्लँग हे कंपाइलर कंपाइल करता करता हेडरची यादी स्वतःच लिहून देतात. तीच वापरा, हाताने लिहू नका.

हे सगळं केल्यावर साधन बदलायचा विचार. सीमेक (मेक किंवा निंजासाठी बिल्डच्या फाइली तयार करणारं साधन) वापरत असाल तर मेकऐवजी निंजा घ्या, आमचं मत स्पष्ट आहे. इव्हान मार्टिन यांनी ते क्रोमसाठी लिहिलं. तिथे तीस हजारांहून जास्त फाइलींपैकी एक बदलली, तर इतर साधनांना काम सुरू करायलाच दहा सेकंद लागत. निंजाला एकापेक्षा कमी. कंपाइलरचे फ्लॅग (त्याला दिलेले पर्याय) बदलले तर मेकला स्वतःहून कळत नाही, निंजाला कळतं. शिवाय नाही पटलं तर परत मेकवर येणं सोपं आहे.

बेझल हे आणखी एक बिल्डचं साधन. ते मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बघतं आणि टीमला एकच कॅश (आधी बनलेल्या फाइलींचा साठा) वापरू देतं. पण त्याला प्रत्येक अवलंबन (कुठली फाइल कशावर अवलंबून आहे ते) लिहून द्यावं लागतं. दहा जणांच्या टीमला आम्ही सहसा ते सुचवत नाही. तिथे सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून पुन्हा वापरणारं साधन) पुरतं.

भेटीआधी त्या दुसऱ्या बिल्डचा लॉग पाठवून ठेवा. निंजा असेल तर एक्सप्लेनचा पर्याय लावून. कुठली फाइल कशामुळे पुन्हा बनली, ते त्यात लिहिलेलं असतं.