माईकची शिट्टी आणि मोहावीतलं विमान

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात रँड्सबर्गजवळ विमान पडलेली जागा बघून आलो असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, एलियनचं होतं का? नाही हो. एक्स-१५ होतं, रॉकेट इंजिनवालं प्रायोगिक विमान. १५ नोव्हेंबर १९६७, पायलट मायकल ॲडम्स. जागेवर बघायला म्हणाल तर माती, झुडपं, वारा आणि २००४ साली उभारलेलं छोटंसं स्मारक, बस.

पण मला तिथे ओढून नेलं ते त्या विमानातल्या एमएच-९६ नावाच्या यंत्रणेनं. बघा, हवा विरळ असली की शेपटी भरपूर हलवावी लागते तेव्हा कुठे विमान ऐकतं, आणि दाट हवेत जरा हलवली तरी झटका बसतो. मग किती हलवायची हे ठरवणार कोण? गणपतीच्या मांडवातला साऊंडवाला काय करतो, आवाज वाढवत नेतो, माईक शिट्टी मारायला लागला की किंचित कमी करतो. एमएच-९६ डिट्टो तेच करायची. शेपटी बारीक थरथरायला लागेपर्यंत जोर वाढवायचा, थरथर दिसली की उतरवायचा.

त्या दिवशी एका प्रयोगाच्या उपकरणामुळे विजेचा गोंधळ झाला, यंत्रणा नीट चालेना. त्यात एकच काटा स्विच फिरवून दोन वेगळ्या गोष्टी दाखवायचा आणि ॲडम्सनी बहुतेक तो चुकीचा वाचला. २,६६,००० फुटांवर म्हणजे ८१ किलोमीटरवर जाऊन उतरताना विमान आडवं झालं आणि आवाजाच्या पाचपट वेगात गरगरायला लागलं. याला नुसतं "पायलटची चूक" म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो, कारण सुमारे १,२०,००० फुटांवर ते त्या गरगरीतून बाहेर आलं होतं!

घात पुढे झाला. दाट हवेत जोर उतरायला हवा होता, पण विमान इतकं वरखाली डोलत होतं की शेपटी हलवणारा सर्व्हो त्याच्या कमाल वेगालाच अडकला. त्याच्याच्यानं बारीक थरथर होईना, आणि यंत्रणा शोधत होती नेमकी तीच. शिट्टी ऐकू येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून तिनं जोर तसाच ठेवला आणि डोलणं थांबलंच नाही. साधारण ६२,००० फुटांवर विमानाचे तुकडे झाले, ॲडम्स गेले.

हल्ली कशालाही "स्वतःच शिकणारी सिस्टीम" म्हणून विकतात ना, तेव्हा मी एवढंच विचारतो, ती ऐकते नक्की काय?