एफ/१० ची दुर्बीण आणि व्हिडिओ कॅमेरा: फोकल रिड्यूसरची गरज कशी पडली

सेलेस्ट्रॉनने १९७० मध्ये सी-८ ही श्मिट-कॅसेग्रेन (तोंडाशी पातळ भिंग आणि आत दोन आरसे असलेली) दुर्बीण बाजारात आणली, ती मुख्यतः डोळा लावून पाहणाऱ्यांसाठी. ८ इंची आरसा, २०३२ मिलिमीटर नाभीय अंतर आणि तरीही आखूड नळी. फोकल रेशो, म्हणजे नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास, एफ/१०. निरीक्षकांच्या बोलीत ही 'स्लो' दुर्बीण, म्हणजे प्रतिमा मोठी पण मंद. डोळ्याचे त्याने काही अडत नाही. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, बदलला की झाले. अडले ते कॅमेऱ्याचे.

बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी १९६९ मध्ये शोधलेली सीसीडी चिप (प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी) पुढे सुरक्षा कॅमेऱ्यांत आली आणि हौशी निरीक्षकांनी तेच संवेदनशील कॅमेरे दुर्बिणींना लावले. त्यातली 'अर्ध्या इंचाची' चिप प्रत्यक्षात ६.४ बाय ४.८ मिलिमीटरची. सी-८ वर तिच्यात आकाशाचा जेमतेम ११ बाय ८ कलांचा तुकडा मावतो (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). चंद्रबिंब ३० कलांचे, त्यामुळे त्याचाही एक कोपराच दिसायचा.

दुसरी अडचण जास्त जाचक होती. फिल्मवाला शटर तासभर उघडे ठेवू शकत होता. पाल या टीव्ही पद्धतीच्या व्हिडिओत एका फील्डला (अर्ध्या चौकटीला) फार तर १/५० सेकंद मिळतो. ताऱ्यासारख्या बिंदूला आरशाचा व्यास तारून नेतो, पण तेजोमेघाचा प्रकाश पसरलेला असतो. प्रत्येक पिक्सेलवर त्यातला किती पडणार, हे फोकल रेशोच ठरवतो.

उपाय होता फोकल रिड्यूसर, म्हणजे नाभीय अंतर कमी करून प्रतिमा लहान आणि उजळ करणारे भिंग. वेधशाळांना तो आधीपासून माहीत होता. एडन माइनेल यांनी १९५६ मध्येच मोठ्या दुर्बिणीच्या कॅसेग्रेन फोकसवर (मुख्य आरशामागे प्रतिमा बनते त्या जागी) एफ/२ कॅमेरा बसवण्याची रचना मांडली होती. हौशींच्या हाती ०.६३ पट रिड्यूसर आले, ३५ मिलिमीटर फिल्मसाठी. मग मीड या दुर्बीण कंपनीने खास सीसीडीसाठी एफ/३.३ चा रिड्यूसर काढला. त्याने सी-८ चे नाभीय अंतर सुमारे ६७० मिलिमीटरवर येते, चौकट ३३ बाय २५ कलांची होते आणि पिक्सेलवर जवळपास ९ पट प्रकाश पडतो. फिल्मवर याच भिंगाने कडा बिघडवल्या असत्या. पण चिपचा कर्ण अवघा ८ मिलिमीटर, ती मधलाच स्वच्छ भाग वापरते. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली इथे आहे: चिप इतकी लहान नसती, तर इतका जोरदार रिड्यूसर चाललाच नसता.

रिड्यूसर किती काम करणार, हे चिपपासूनच्या अंतरावर ठरते. १०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग चिपपासून ५० मिलिमीटरवर असेल, तर प्रतिमा निम्मी होते. आणखी ५ मिलिमीटरची रिंग घातली की ०.४५ पट. मात्र फोकस ५० मिलिमीटरहून जास्त आत सरकतो. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये मुख्य आरसाच पुढेमागे होत असल्याने ते निभावते. न्यूटोनियन दुर्बिणीत मुख्य आरसा स्थिर असतो, तिचा फोकसर अनेकदा तळाला टेकतो आणि चित्र धूसरच राहते.

पुढे मिंट्रॉन, वॉटेक, मॅलिनकॅम या कॅमेऱ्यांनी अनेक फील्डचा प्रकाश एकत्र साठवण्याची सोय आणली. १२८ फील्ड म्हणजे पालमध्ये २.५६ सेकंद. रिड्यूसरचा ९ पट प्रकाश आणि हे सेकंद एकत्र आल्यावर एम ५१ या दीर्घिकेचे सर्पिल बाहू साध्या टीव्हीवर उमटू लागले. हायपरस्टार या भिंगसंचाने तर पुढचा दुय्यम आरसा काढून त्या जागी भिंगे आणि कॅमेरा बसवला आणि सी-८ एफ/२ च्या आसपास नेली.

आजच्या सीमॉस (सीसीडीनंतरच्या प्रकारच्या चिपच्या) कॅमेऱ्यांत रीड नॉइज, म्हणजे चिप वाचताना मिसळणारा गोंगाट, कमी आहे आणि फ्रेम लगोलग एकमेकींवर रचता येतात, त्यामुळे वेळेचा तो जाच उरला नाही. आता चिप मोठ्या झाल्या आहेत. त्यांच्या कोपऱ्यांत एफ/३.३ तारे ओढून लांब करतो, म्हणून बरेच जण पुन्हा ०.६३ कडेच वळले आहेत.