सुरकुत्यांच्या इंजेक्शननंतर काही खटकलं, तर काय करायचं?

इंजेक्शन घेऊन घरी गेल्यावर आरशात काही वेगळं दिसलं की कुणाचंही मन धास्तावतं. त्यात चेहरा म्हणजे लपवता न येणारी जागा. म्हणून कोणत्या त्रासात नुसतं थांबायचं, कशात आम्ही दुरुस्ती करू शकतो आणि कशासाठी एक मिनिटही दवडायचं नाही, हे इथे लिहिलं आहे. पत्रक मुख्यतः बोटॉक्स आणि त्याच्यासारख्या बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांबद्दल आहे.

हे औषध नसेकडून स्नायूला जाणारा आकुंचनाचा संदेश अडवतं. स्नायू सैल पडतो आणि वरच्या त्वचेला आठ्या पडत नाहीत. परिणाम साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसू लागतो, पूर्ण व्हायला दोन आठवडे घेतो आणि 3 ते 4 महिन्यांत ओसरतो. औषध शेजारच्या स्नायूत पसरलं किंवा दोन्ही बाजूंना सारखा परिणाम झाला नाही, की चेहरा वेगळा दिसतो. पण औषधाचा जोर ओसरतो तसा हा फरकही जातो.

टोचल्या जागी लाली, थोडी सूज, काळंनिळं पडणं, हलकी डोकेदुखी हे नेहमीचं आहे. कापडात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटं हलकेच धरा. डोकं दुखलं आणि पॅरासिटामॉल तुम्हाला चालत असेल, तर ती गोळी पुरते. काळंनिळं आठवडा-दीड आठवड्यात जातं. त्या जागी चोळू नका. लवकर उतरावं म्हणून मालिश करणाऱ्यांना आम्ही कळकळीने सांगतो की त्याने औषध उतरत नाही, उलट सुरुवातीला ते भलतीकडे पसरू शकतं.

सर्वात जास्त घाबरवते ती पापणी खाली येणं. भुवयांमधल्या किंवा कपाळावरच्या इंजेक्शनातलं औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं की काही दिवसांनी एक डोळा अर्धवट मिटल्यासारखा दिसतो. बहुतेकांची पापणी काही आठवड्यांत आपोआप पूर्ववत होते. तोवर अप्राक्लोनिडिन या औषधाचे डोळ्यात घालायचे थेंब पापणी एक-दोन मिलिमीटर उचलू शकतात. ऐकायला थोडं वाटतं, पण आरशात तेवढाही फरक दिसतो. हे थेंब सगळ्यांना चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. डोळा कोरडा पडत असेल किंवा पूर्ण मिटत नसेल, तर लगेच कळवा. बुबुळाला इजा होऊ द्यायची नाही.

भुवईचं बाहेरचं टोक फारच वर गेलं असेल, तर औषधाचा अगदी छोटा डोस तिथे देऊन ते खाली आणता येतं. त्यासाठी दोन आठवडे थांबा. आधीच हात घातला तर जास्त औषध जाण्याची भीती असते. संपूर्ण भुवईच खाली उतरली असेल, तर मात्र वाट पाहण्याला फारसा पर्याय नाही. हे आम्ही इंजेक्शनच्या आधीच सांगतो.

‘हे विरघळवून टाका’ अशी विनंती बरेच जण करतात. फिलर म्हणजे त्वचेखाली भराव घालणारी वेगळी इंजेक्शनं. त्यातले हायलुरोनिक अ‍ॅसिडचे फिलर हायलुरोनिडेज या एन्झाइमच्या इंजेक्शनने विरघळतात. बोटॉक्सला ते लागू नाही. त्याचा चेहऱ्यावरचा परिणाम उलटवणारं औषध नाही, आणि कुणी तसं विकत असेल तर पैसे देऊ नका.

ताबडतोब रुग्णालयात जा: गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास, एकाची दोन दिसणं, अंगभर अशक्तपणा. हे क्वचित होतं, पण काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही होऊ शकतं. ओठ-जीभ सुजणं आणि अंगावर गांधी उठणं ही अ‍ॅलर्जीची खूण. फिलर घेतलं असेल आणि त्वचा पांढरीफटक पडली, जाळीदार निळसर डाग दिसले, खूप दुखू लागलं किंवा दिसायला कमी झालं, तर रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. तेव्हा आमच्या फोनची वाट पाहू नका, रुग्णालयाकडे निघा.

इंजेक्शनच्या आधी गरोदरपण, स्तनपान, मायस्थेनिया ग्रेव्हिससारखे स्नायूंचे आजार, चालू अँटिबायोटिक आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांबद्दल न विसरता सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.

तक्रार सांगताना चेहऱ्याचे दोन फोटो पाठवा: एक शांत, एक भुवया उंचावलेला. इंजेक्शन दुसरीकडे घेतलं असेल, तर औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि किती युनिट दिले ते तिथून लिहून घ्या. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचं नसतं, त्यामुळे ही माहिती नसेल तर दुरुस्तीचा डोस ठरवणं अवघड जातं.