मल्टिपल स्क्लेरोसिसच्या औषध-चाचणीत सहभाग : पात्रता, कागदपत्रे आणि संमतीपत्र

मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मज्जारज्जूच्या आजारावरील नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्यासाठी सरकारी कचेरीत अर्ज करावा लागत नाही. चाचणी चालवणारे डॉक्टर तपासणी करून रुग्णाची निवड करतात. आपल्या देशातील अशा चाचण्यांची ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करणे १५ जून २००९ पासून सक्तीचे असून, तिच्या संकेतस्थळावर आजाराचे नाव टाकल्यास चाचणी कोणत्या रुग्णालयात चालू आहे, भरती सुरू आहे की संपली, हे विनाशुल्क पाहता येते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील रुग्णांनी बेंगळुरूबरोबर पुणे-मुंबईची केंद्रेही पाहावीत. मात्र वर्ष-दोन वर्षे फेऱ्या झेपतील का, हे घरच्यांशी बोलून आधीच ठरवलेले बरे.

पात्रतेच्या अटी चाचणीगणिक बदलतात. झटके (म्हणजे लक्षणे अचानक उफाळणे, फिट नव्हे) येऊन ओसरणाऱ्या प्रकारासाठी बहुधा वय १८ ते ५५, या आजारासाठी ठरलेल्या मॅकडोनाल्ड निकषांनुसार झालेले निदान, अलीकडच्या काळात आलेला झटका आणि ० ते १० अशा ईडीएसएस या अपंगत्वाच्या मोजपट्टीवर ५.५ पर्यंतचा आकडा, म्हणजे आधाराविना व न थांबता सुमारे १०० मीटर चालता येणे, अशा अटी आढळतात. गर्भारपण, सुप्त क्षयरोग किंवा हिपॅटायटिस बी असल्यास सहसा प्रवेश मिळत नाही.

ओळखपत्राबरोबर एमआरआयचा केवळ छापील अहवाल न नेता सीडी किंवा फिल्मही न्यावी. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याचा अहवाल, डिस्चार्ज कार्डे आणि स्टेरॉइडची इंजेक्शने केव्हा घेतली त्याच्या तारखा सोबत ठेवाव्यात, कारण आधीचे औषध थांबवून किती दिवस झाले यावरही निवड अवलंबून असते.

खरी काळजी संमतीपत्राची घ्यावी. ते रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असणे बंधनकारक आहे. त्यामुळे कन्नड किंवा इंग्रजी प्रत पुढे आल्यास नैतिकता समितीने (चाचणीत रुग्णांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या समितीने) मंजूर केलेली मराठी प्रत मागण्यात संकोच नसावा. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी त्रयस्थ साक्षीदार हजर लागतो. संमतीपत्रात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव विचारतात, ते नुकसानभरपाईच्या तरतुदीमुळे: औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई देय असते. कारण न देता चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. ती हातात आल्याशिवाय पहिली गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नये.