वाहतूक परवान्यावर सही कुणाची? गडचिरोलीतल्या सामूहिक वनहक्कांची पार्श्वभूमी

गडचिरोलीच्या जंगलातून बांबूचा ट्रक निघाला की नाक्यावर एक कागद दाखवावा लागतो. बांबू कुठल्या जंगलातला, नग किती, कुठे चालला, एवढे त्यावर लिहिलेले असते आणि खाली सही. हा वाहतूक परवाना. त्यावर वनाधिकाऱ्याऐवजी ग्रामसभेची सही यायला साठ वर्षे लागली.

जमीनदारीच्या काळात इथल्या गोंड-माडिया गावांचा सरपण, बांबू, चारा, मोह यांचा वापर ‘निस्तार’ म्हणून चालत असे. 1950 च्या तत्कालीन मध्य प्रदेशाच्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी संपली, जंगल सरकारजमा झाले आणि गावांचे हक्क निस्तारपत्रकात नोंदले गेले. नोंद झाली ती घरच्या वापरापुरती. विकण्याचा अधिकार त्यात नव्हता. पुढे 1969 च्या राज्याच्या कायद्याने तेंदूपानाचा, म्हणजे विडीच्या पानाचा, व्यापार सरकारच्या हाती गेला. बांबू कागद गिरणीला भाडेपट्ट्याने मिळू लागला आणि चटई-टोपली विणणाऱ्याला आपल्याच शिवारात चांगला बांबू शोधत फिरावे लागले.

यात एका व्याख्येचा मोठा हात आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्याने बांबूला ‘झाड’ ठरवले. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे, पण 2017 च्या दुरुस्तीपर्यंत कायद्याच्या लेखी तो तोडला की इमारती लाकूड होता. लाकूड म्हटले की मालकी आणि परवाना दोन्ही वनखात्याचे.

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव या गाठीला भिडले. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, त्यातून गावात चर्चेची सवय रुजली. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीनेच घ्यायचा. सहमती झाली नाही तर विषय पुढच्या सभेत. कायदे समजून घेण्यासाठी अभ्यासगट सुरू झाले. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी कायमची जोडलेली आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच.

कायदा मात्र सावकाश आला. 1996 च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकडाखेरीज जंगलातून मिळणाऱ्या मालाची, मालकी ग्रामसभेकडे दिली, पण बांबू गौण वनोपज आहे की नाही हा वाद तसाच राहिला. तो 2006 च्या वनहक्क कायद्याने मिटवला: गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आणि तेंदू नाव घेऊन घातले. याच कायद्याच्या कलम 3(1)(झ) ने परंपरेने राखलेल्या जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला. वैयक्तिक दाव्याला 4 हेक्टरची मर्यादा आहे, सामूहिक हक्काला नाही. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टरांवर हा हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांत त्याचा समावेश होतो.

हक्कपत्र आले, परवाना आला नाही. ग्रामसभेने बांबू विकायचे म्हटले तर वाहतुकीचा कागद द्यायला खाते तयार नव्हते. मार्च 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बांबूला गौण वनोपज मानावे असे सर्व मुख्यमंत्र्यांना लिहिले आणि 27 एप्रिलला ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्यात आले. त्या दिवशी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. 2012 च्या सुधारित नियमांनी ही गोष्ट सगळ्याच गावांसाठी पक्की केली: नियम 4(1)(ङ) खालची ग्रामसभेची समिती व्यवस्थापन आराखडा करते आणि परवानाही तीच देते.

सही हातात आल्यावर जंगल टिकवणे हा गावाच्या पोटाचा प्रश्न झाला, आणि आमच्या मते इथेच खरी परीक्षा आहे. इथला मुख्य बांबू मानवेल. पावसाळ्यात वास्ते (नवे कोंब) फुटतात, तेव्हा बेटाला हात लावायचा नाही. त्या वर्षीचे आणि आदल्या वर्षीचे कोवळे बांबू ठेवून जुने काढायचे, तेही जमिनीलगतच्या पेराच्या वर, वीतभर खुंट ठेवून. चूक होते ती घाईत: मजूर नगावर पैसे घेतो, त्यामुळे बाहेरचे सरळ, सोपे बांबू तोडतो आणि मधले वाकडे-वाळलेले तसेच सोडतो. दोन-तीन हंगामांत बेट आतून गच्च होते आणि नवे कोंब आखूड, वेडेवाकडे येतात. म्हणून मजुरीच्या दरात मधल्या साफसफाईचे पैसे वेगळे धरावे लागतात.

तेंदूचा हिशेब निराळा. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, एप्रिल-मेमधला. पुडे फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या मोकळ्या जागेवर, उन्हात मांडायचे, उलटायचे, सुकले की पाणी शिंपडून नरम करून भरायचे. मध्येच वळीव आला तर पानावर काळे डाग पडतात आणि ठेकेदार माल नाकारतो. 2013 पासून काही ग्रामसभांनी स्वतः निविदा काढून लिलाव सुरू केला. मजुरीखेरीज स्वामित्वधनही (रॉयल्टी) गावाकडे आल्याने एकूण रक्कम वाढली, पण जोखीमही आली. 2017 मध्ये तेंदूपानावर 18 टक्के जीएसटी लागला तेव्हा कर कुणी भरायचा हे करारात न लिहिलेल्या गावांना ते महागात पडले. आगाऊ रकमेशिवाय माल उचलू देऊ नये हा धडाही असाच मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने वेगळी वाट धरली. चांगली पाने यावीत म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात. त्यापेक्षा तेंदूची फळे माणसा-पाखरांना राहू द्यावीत, असे ठरवून ग्रामसभेने तोडाईच बंद केली. उत्पन्नासाठी बांबू होता, म्हणून हा निर्णय पेलला.

स्त्रियांबद्दल नियम स्पष्ट आहेत. वैयक्तिक हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावे निघते. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. दाव्यांसाठीच्या ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. सभा सकाळी दहाला ठेवली की हे गणित कोलमडते: मार्च-एप्रिलमध्ये त्या वेळी बाया मोहाखाली असतात. सभा संध्याकाळी, जेवणानंतर घेतली तर हजेरी भरते. तेंदूची मजुरी कुणाच्या खात्यात जाते हेही पाहावे लागते. पुडे बांधणारी बाई आणि पासबुकवरचे नाव अनेकदा वेगळे असते.

मोहाची फुले पहाटे गळतात. ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि उन्हाळ्यातले बरेच वणवे तिथूनच पसरतात. झाडून काढलेल्या जागेवर जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर आग लावायची गरजच उरत नाही, फुलांना मातीही लागत नाही. दारूबंदी कायद्यामुळे मोहफुले बाळगण्यावर आणि नेण्या-आणण्यावर राज्यात बंधने होती, ती 2021 मध्ये उठली. त्याआधी एप्रिलमध्ये व्यापाऱ्याला विकलेला मोह पावसाळ्यात चढ्या भावाने परत घ्यावा लागे. आता बचतगटांना तो घरात साठवता येतो: कडकडीत वाळवून, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवून. ओल राहिली तर पहिल्याच पावसात बुरशी धरते.