नवीन फिशटँक घेताय? मासे आज मिळणार नाहीत

काचेचा टँक, फिल्टर, खडी, लाइट सगळं आजच घेऊन जा. मासे मात्र महिनाभरानं. यावर मोठी माणसं कुरकुरतात, लहान मुलं तर दुकानातच भोकाड पसरतात. म्हणून हे पत्रक छापलं.

आम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न असा: "भाऊ, पानी ते काचना मायक साफ से, तरी मासा कसा मरनात?" पाणी साफ असतं हे खरंच. पण माशाला मारणारं विष म्हणजे अमोनिया, आणि त्याला रंग नसतो. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून तो तयार होतो, शिवाय कल्ल्यांतूनही सुटतो. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणू बसलेले असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. नव्या टँकमध्ये हे कुणीच नसतात. त्यांना जम बसवायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

तोवर करायचं एवढंच: पाणी भरा, अँटी-क्लोरीनचे थेंब टाका, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा आणि मासे आहेत असं समजून रोज चिमूटभर खाद्य टाका. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. तपासणीत दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसलं की पहिले दोन-तीन मासे न्या, सगळे एकदम नकोत. ओळखीच्या कुणाचा निरोगी, चालू टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणा. दुधाला विरजण लावतो तसंच हे, काम लवकर होतं. तुकडा ओलाच आणा, आणि नळाखाली धुऊ नका. ही चूक आम्ही स्वतः केली आहे: नळ आला त्या दिवशी घाईत सगळे स्पंज नळाखाली चोळून धुतले, क्लोरीननं जिवाणू गेले आणि तिसऱ्या दिवशी गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करत होते. स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळायचा.

आता आपलं खान्देशी पाणी. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, ठिबकची नळी क्षारानं चोंदते आणि शेतकऱ्याला तिच्यातून आम्ल सोडावं लागतं, तेच हे पाणी. त्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप, 7 म्हणजे मधलं) 7.5 ते 8 च्या आसपास, कधी वरही असतो. पीएच 7 चा 8 झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणूनच आम्ही महिनाभर थांबवतो.

पीएच उतरवणारं औषध मागू नका. जड पाण्यात पीएच आज उतरतो, उद्या पुन्हा चढतो, आणि त्या हेलकाव्यानं मासा खचतो. नुसतं आरओचं पाणीही नको. त्यात क्षार नसल्यानं पीएच एकदम कोसळू शकतो. सोपा उपाय म्हणजे या पाण्याला मानवणारे मासे घ्या: गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल. निऑन टेट्रा आणि डिस्कस सुंदर दिसतात, आम्ही विकतोही, पण बोअरवाल्या घराला पहिल्याच टँकसाठी देत नाही. टाइल्सच्या दुकानातली संगमरवरी खडी घालू नका, तिनं पाणी आणखी जड होतं. खडीवर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. फेस आला तर ती खडी कुंडीत घाला.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. 2×1×1 फुटांच्या टँकमध्ये खडी धरून पन्नासेक लिटर पाणी मावतं, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण एक बादली. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. ते पहाटे भरून ठेवा. उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मात्र टँकमध्येच राहतात, काचेवरची पांढरी रेघ त्याचीच. नुसती उडालेली तूट भरायला आरओचं पाणी चालतं.

पाणी आम्ही दुकानात फुकट तपासून देतो. साबण न लावता धुतलेल्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, त्याच दिवशी आणा.