हाड म्हणावं, पळू नये

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बंद पडलेलं इस्त्रीचं दुकान आहे. त्याच्या फळीखाली पाच कुत्री झोपतात. पहाटे साडेपाचला पेपर टाकणारे काका सायकलवरून येतात आणि दुकानाच्या दहा पावलं अलीकडे खाली उतरतात. सायकल कुत्र्यांच्या बाजूला धरून तेवढा पट्टा चालत जातात, पुढे पुन्हा टांग मारतात. पाचातलं एखादं डोकं वर करतं आणि परत पायांवर ठेवतं. थोड्या वेळाने त्याच रस्त्याने दुधाच्या पिशव्या घेऊन एक मुलगा बाइकवर येतो. त्याला पाहताच पाचही उठतात. तो पाय वर घेतो, ॲक्सिलरेटर पिळतो, आणि कुत्री भुंकत त्याला चौकापर्यंत पोचवून येतात. रोज.

काकांना एकदा विचारलं. "सायकल पळाली की ती पळतात. मी चाललो की ती झोपतात," एवढंच म्हणाले आणि घडी केलेला पेपर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नेम धरून भिरकावला.

कुत्र्याची नजर तशी आपल्यापेक्षा अधू. बारीकसारीक तपशील त्याला आपल्याइतका दिसत नाही, लाल आणि हिरवा हे रंग त्याला जवळजवळ सारखेच, निळा-पिवळा तेवढा नीट कळतो. पण हलणारी वस्तू टिपण्यात त्याचा हात धरणारा नाही. १४ पोलिस कुत्र्यांवर केलेल्या एका जुन्या चाचणीत हलणारी वस्तू त्यांना ८०० ते ९०० मीटरवरून ओळखता आली. तीच वस्तू स्थिर ठेवली तर मात्र ६०० मीटरच्या आत यावं लागलं. तेव्हा धावत सुटलेला माणूस कुत्र्याच्या नजरेत जेवढा भरतो, तेवढा उभा माणूस भरत नाही.

पुढचं काम लांडग्याकडून आलेल्या वारशाचं. लांडग्याची शिकार ठरावीक टप्प्यांनी होते: हेरणं, टक लावणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकडीचा चावा, जीव घेणारा चावा आणि मग फाडणं. माणसाने कुत्री पाळताना या साखळीतल्या काही कड्या घट्ट केल्या, काही ढिल्या. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉलीत टक लावणं आणि पाठलाग ठसठशीत उरला, चावा दबला. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याची निवड कुणी अशी मुद्दाम केली नाही, त्यामुळे त्याच्यात पाठलागाची कडी चांगली शाबूत आहे. ही कडी सुरू व्हायला भूक किंवा राग लागत नाही. समोरून काहीतरी पळालं की पुरे. आणि पळून आपण जिंकणार नाही. साधं कुत्रंही ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने धावू शकतं. उसेन बोल्टचा विक्रमी शर्यतीतला कमाल वेग ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास होता आणि तोही काही सेकंद टिकला. आपण तर चपला घालून, हातात भाजीची पिशवी घेऊन पळत असतो.

बाइकवाल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. कुत्र्याच्या हिशेबाने बघा. हद्दीत घोंगावत काहीतरी येतं, आपण भुंकत धावतो, ते पळून जातं. म्हणजे उपाय लागू पडला! मुलगा दूध टाकायला पुढच्या सोसायटीत चाललेला असतो हे कुत्र्याला कुठून कळणार? रोज जिंकणारा माणूस जसा रोज पत्ते खेळायला बसतो, तसं ते रोज उठतं. म्हणून दुचाकीमागे कुत्रं लागलं तर वेग वाढवण्यापेक्षा कमी करावा आणि जमलं तर थांबावं. थांबलेल्या गाडीचं काय करायचं हे बहुतेक कुत्र्यांना कळतच नाही. ती दोन-चारदा भुंकतात, चाकाचा वास घेतात आणि निघून जातात. अशा पाठलागात मोडणारी हाडं बहुधा दातांनी मोडत नाहीत, गाडी घसरून मोडतात.

आता भुंकण्याबद्दल. भुंकणारं कुत्रं चावत नाही, ही म्हण अर्धी खरी आहे आणि उरलेल्या अर्ध्यात टाके पडतात. भुंकणं, गुरगुरणं, दात विचकणं या सगळ्याचा अर्थ "लांब राहा" असा असतो. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यक बाईंनी याची एक शिडीच मांडली आहे. सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर जांभई, नाक चाटणं, तोंड फिरवणं. मग अंग आक्रसणं, शेपूट पायात घालणं. त्यावर ताठरणं, टक लावणं, गुरगुरणं, हवेत तोंड मारणं, आणि सगळ्यात वर चावा. खालच्या पायऱ्यांवर ऐकलं गेलं तर कुत्र्याला वर चढायची गरज पडत नाही. आपण मात्र जांभईला झोप समजतो. शेपूट हलतेय म्हणजे लाडात आलंय, हाही असाच एक समज. इटलीत २००७ मध्ये ३० कुत्र्यांच्या शेपटीचं चित्रीकरण करून पाहिलं, तेव्हा मालक दिसल्यावर ती कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकली आणि अनोळखी दांडगा कुत्रा समोर आणल्यावर डावीकडे. हलत दोन्ही वेळा होती. रस्त्यात उभं राहून डावं-उजवं मोजत बसा असं मी सांगणार नाही, पण ताठ, उंच धरलेली आणि भराभर थरथरणारी शेपूट दिसली तर हात पुढे करून "यू यू" म्हणू नये.

"हाड" या आपल्या शब्दाचं मात्र मला फार कौतुक वाटतं. यूजीन मॉर्टन या प्राणिशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखवलं, की पक्षी असोत वा सस्तन प्राणी, धमकीचा आवाज खालच्या पट्टीतला आणि खरखरीत असतो, तर भीतीचा किंवा विनवणीचा आवाज वरच्या पट्टीतला, पातळ असतो. छातीतून काढलेला आखूड "हाड!" पहिल्या गटात बसतो आणि "आईऽऽ गं" ही किंकाळी दुसऱ्यात. किंकाळीने कुत्रं आणखी चेकाळतं.

आणि मग आपलं पिढीजात शस्त्र, म्हणजे दगड उचलल्याचं नाटक. खाली वाकलं की कुत्रं चार पावलं मागे हटतं, रस्त्यावर दगड असो वा नसो. यात जादू काही नाही. या कुत्र्याने आयुष्यात वाकलेला माणूस आणि त्यानंतर बसलेला दगड पाहिलेला असतो. आपल्या रस्त्यावरची कुत्री माणसाचे हातवारे किती बारकाईने वाचतात, हे कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १६० भटक्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवलं. जवळजवळ निम्मी कुत्री बिचकून पुढे आलीच नाहीत, पण जी आली त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोट दाखवलेलं भांडंच गाठलं. कुणी शिकवलेलं नसताना! आधीच्या एका प्रयोगात तर रिकामा हात उगारणारा माणूस आणि काठी उगारणारा माणूस यांच्याशी ती वेगवेगळी वागली.

तेव्हा वाकण्याचं नाटक चालतं, पण अंतर असेतो. कुत्रं दोन हातांवर आलं असताना वाकलं तर आपलं तोंड त्याच्या तोंडासमोर जातं. आणि दगड न खाल्लेल्या बंगल्यातल्या रॉटवायलरला त्या वाकण्याचा अर्थ काय कळणार? खरोखर दगड मारायच्याही मी विरुद्ध आहे. भूतदया बाजूला ठेवली तरी, नेम चुकला तर आपण निःशस्त्र, लागला तर चिडलेलं कुत्रं, आणि दोन्हीची फळं उद्या त्याच रस्त्याने जाणाऱ्याच्या पदरात.

वेळही बघावी. भाद्रपदातल्या कुत्र्यांचा दाखला आपल्याकडे उगाच देत नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस कुत्र्यांचा माजाचा काळ असतो, एका मादीमागे पाच-सहा नर असतात आणि त्यांची आपसातली चिडचिड जवळून जाणाऱ्यावर निघते. गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पार्किंगमध्ये, जिन्याखाली पिल्लं दिसू लागतात. एरवी पोळी खायला मागे येणारी कुत्री तेव्हा दहा फुटांवरूनच गुरगुरते. तिच्या आणि पिल्लांच्या मधून जायचं नाही, एवढंच पाळायचं.

तरीही अंगावर आलंच तर? थांबायचं. किंचित तिरपं उभं राहायचं, छाती रोखून नाही. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, पण त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. पाठ तर मुळीच फिरवायची नाही, कारण मागून येऊन पोटरी धरणं हा गल्लीतल्या कुत्र्यांचा हातखंडा. हात अंगालगत, बोटं मुठीत. "घाबरू नका" हा सल्ला मी देत नाही, तो निरुपयोगी आहे. नेपल्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये भीतिदायक चित्रफीत पाहणाऱ्या माणसांच्या घामाचा वास कुत्र्यांना दिला, तेव्हा कुत्र्यांवरच ताण आला. वास लपवणं आपल्या हातात नाही, पाय आवरणं आहे. मग मधे काहीतरी आणायचं: पिशवी, दप्तर, सायकल, छत्री. छत्री तर फटकन उघडली की कुत्र्यासमोर एकदम मोठा काळा ऐवज उभा राहतो. अमेरिकेत टपाल वाटणाऱ्यांवर २०२४ या एका वर्षात कुत्र्यांचे ६,००० हून जास्त हल्ले नोंदले गेले. तिथल्या पोस्टमनला शिकवतात ते हेच, की खांद्यावरची टपालाची थैली ढालीसारखी पुढे धरा. त्यानंतर एकेक पाऊल मागे किंवा बाजूला सरकायचं. कुत्र्यांच्या टोळीची हद्द असते. एखादा विजेचा खांब, एखादा नाला ओलांडला की ती आपसूक थबकतात.

मुलांना हे सगळं सांगून उपयोग नाही. त्यांना "स्टॅच्यू!" हा खेळ माहीत असतो. कुत्रं आलं की स्टॅच्यू, एवढं सांगा आणि घरात चार वेळा खेळून घ्या. मी भाच्याबरोबर खेळलो तेव्हा मी कुत्रा झालो होतो. तिसऱ्या खेपेला तो हसला नाही आणि हललाही नाही.

दात लागले की नियम उलटतो. कुत्र्याचे सुळे मागे वळलेले असतात, आणि पकड बसल्यावर ते डोकं झटकतं. अशा वेळी हात हिसकला की जिथे दोन भोकं पडणार होती तिथे लांब फाडलेली जखम होते. मन कितीही ओढून घे म्हणत असलं तरी ओढायचं नाही. शक्य असेल तर आधीच जॅकेट, ओढणी, पिशवी त्याच्या तोंडात द्यायची. त्याला चावायला काहीतरी हवं असतं, ते आपणच हवं असं नाही. खाली पडलात तर पोटावर किंवा कुशीवर मुटकुळं करायचं, हनुवटी छातीला, मुठी मानेमागे, कोपरांनी कान आणि चेहरा झाकायचा. शाळेतल्या पोरांना इंग्लंड-अमेरिकेत हेच शिकवतात: उभा असलास तर झाड हो, पडलास तर दगड हो.

पिसाळलेलं कुत्रं मात्र यातलं काहीच जुमानत नाही. ते हद्द ओलांडून सरळ रेषेत चालत येतं, भुंकत नाही किंवा घोगरं भुंकतं, जबडा लोंबतो, लाळ गळते आणि इशारा न देता चावतं. तिथे पुतळा होऊन भागत नाही. मधे दार, भिंत, गाडी हवी. काही नसेल तर उंचावर चढायचं.

चेहरा आणि बोटं वाचवा असं मी वर सांगितलं, ते निव्वळ रूपासाठी नाही. रेबीजचा विषाणू रक्तातून जात नाही. जखमेजवळच्या स्नायूत शिरून तो मज्जातंतूच्या टोकाला धरतो आणि त्या धाग्याच्या आतून मेंदूकडे सरकतो. चेहऱ्यापासून मेंदू वीतभर अंतरावर, आणि बोटांत मज्जातंतूंचं जाळं दाट. लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाच पुरतो, आणि ती दिसू लागल्यावर वाचलेली माणसं जगभरात हातावर मोजण्याइतकी. पण याच विषाणूला बाहेरून चरबीचं एक पातळ पांघरूण असतं आणि चरबी साबणाने जाते. भांड्याचा तेलकटपणा जातो तशीच. म्हणून चावा बसला की पहिली धाव नळाकडे: वाहतं पाणी, साबण, घड्याळ लावून १५ मिनिटं. हळद, चुना, तिखट काही नको. चार मिनिटांनी वाटेल की झालं स्वच्छ, नसतं झालेलं.

मग दवाखाना, त्याच दिवशी, ओरखडा असला तरी. पोटात १४ इंजेक्शनं ही गोष्ट आता आजोबांच्या तोंडीच शोभते. मेंढ्यांच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात २००४ मध्ये बंद झाली. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिकारद्रव्यांचं इंजेक्शनही, टोचावं लागतं, कारण लसीने शरीर स्वतःची प्रतिकारद्रव्यं तयार करेपर्यंत आठवडाभर तरी जातो. ते दिलं नाही तर आपण विचारायचं. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. कुत्रं नजरेसमोरचं असेल तर ते दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहतंय का बघायचं, पण ते बघण्यासाठी लस थांबवायची नाही.

सरकारी दवाखान्यात ही लस बहुधा त्वचेत देतात, दिवस ०, ३, ७ आणि २८; दंडाच्या स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८. यातला शून्य म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस, कुत्रं चावल्याचा नव्हे. सोमवारी पहिलं घेतलं तर पुढचं गुरुवारी. तारखा त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवाव्यात, कारण २८ वा दिवस उगवेपर्यंत जखम भरलेली असते, खपलीही पडून गेलेली असते आणि कुत्र्याचं नाव निघालं तर घरात सगळे हसायला लागलेले असतात.